माह्या खांद्याले काही नाही झालं

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचा चेहरा आठवायला बसले तर आधी चष्मा आठवतो, मग फळ्यावर उठणारा हात, आणि चेहरा सगळ्यात शेवटी येतो. मी तुमची सहावीतली विद्यार्थिनी. नेरच्या पुढच्या त्या खेड्यातल्या शाळेत खिडकीपाशी बसायची, जिला इंग्रजी कधी धड आलं नाही, ती. आजही येत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं तुमची निराशा व्हायला नको. पण तुमचा एक शब्द मात्र माझ्याकडं राहिला. चाळीस वर्षं तो नुसता पडून होता, आणि या हिवाळ्यात मी तो पहिल्यांदा स्वतःसाठी वापरला. तो कसा वापरला, हे सांगण्यासारखं माणूस तुमच्याशिवाय दुसरं कोणी नाही.

यवतमाळात कॉलेजच्या मागच्या गल्लीत माझी मुलींची मेस आहे. मेस म्हणजे काय, आमच्याच घराची पुढची खोली, तीत दोन लांब बाकं, आणि मागं स्वयंपाकघर. खोल्या करून राहणाऱ्या मुली दोन्ही वेळा जेवायला येतात. ज्यांना यायला जमत नाही त्यांचे डबे आमचे हे गाडीवरून पोचवतात आणि पोचवता पोचवता गावभर गप्पा मारून येतात. माझं बरं चाललं आहे, बाई. पाय दुखतात, पण पाय कोणाचे दुखत नाहीत. मुली जेवताना बोलत असतात आणि मी पोळ्या लाटता लाटता ऐकत असते. त्यांच्या बोलण्यात तुमचा तो शब्द मिठासारखा असतो. मैत्रिणीनं फोटो टाकला आणि त्यात आपल्याला अर्धं कापलं, हर्ट झालं. मास्तर सगळ्यांसमोर बोलले, हर्ट झालं. भावाचं लग्न ठरलं आणि आपल्याला दोन दिवसांनी सांगितलं, तर फारच हर्ट झालं. एकदा वांग्याचं भरीत संपल्यावर एक पोरगी उशिरा आली, रिकाम्या पातेल्यात वाकून बघत म्हणाली, काकू, मी तुमच्यावर हर्ट आहे. तिला मी दुधावरची साय आणि लोणचं दिलं, तर तिचं हर्ट तिथल्या तिथं बरं झालं. मला मात्र हा शब्द कानावर आला की हसू येतं, कारण माझ्यासाठी हर्ट म्हणजे बैलाचा खांदा. तो तसा का झाला, हे तुम्हाला ठाऊकच आहे, तरी लिहायला बसलेच आहे तर पहिल्यापासून लिहिते.

तुमची शनिवारची एक रीत होती. सकाळची शाळा सुटायच्या आधी वर्गातल्या कोणीही एकानं उठून घरातल्या, वावरातल्या कशालाही इंग्रजीत काय म्हणतात ते विचारायचं. तुम्ही तो एकच शब्द द्यायच्या, फळ्यावर लिहायच्या आणि म्हणायच्या, हा घरी घेऊन जा, आणि सोमवारी मला सांगा, तुम्हाला तो कुठं सापडला. अर्थ पाठ करायचा नाही, नुसता शोधून आणायचा. आम्हाला हा खेळ फार आवडायचा. पुस्तकातलं इंग्रजी कोणा परक्याचं वाटायचं, हे मात्र आपलं वाटायचं. त्या शनिवारी एका पोराचा अंगठा ठेच लागून फुटला होता. तो अंगठा धरूनच उभा राहिला आणि विचारलं, बाई, लागलं याले काय म्हणते? तुम्ही फळ्यावर हर्ट लिहिलं. पोळा तोंडावर आला होता. मी घरी जाताना रस्त्यातच ठरवून टाकलं होतं की माझा हर्ट कुठं आहे.

आमच्या तांबड्या बैलाचा खांदा त्या वर्षी जूच्या घासानं सोलला होता. पिकातलं तण काढायची डवरणी लांबली होती आणि दुसरी जोडी नव्हती. तो बैल स्वभावानं गरीब, पण खांद्याला कोणाला हात लावू द्यायचा नाही, बाबांनाही नाही. माझा हात मात्र त्याला चालायचा. कारण बिरण काही नाही, लहान होता तेव्हापासून मी त्याला भाकरी चारायची एवढंच. म्हणून रोज सकाळी शाळेत जायच्या आधी तुपात हळद कालवून ती जरा गरम करायची आणि त्याच्या खांद्यावर चोळायची, हे काम माझ्याकडं होतं. हळद आणि तूप एकत्र झालं की ते साबणाला दाद देत नाही. माझी बोटं आठवडाभर पिवळीधमक होती. त्या सोमवारी तुम्ही अमरावतीहून नवीन तक्ता आणला होता, पांढऱ्या चकचकीत कागदावर फळांची चित्रं. तो खिळ्याला लावायला मला बोलावलं. मी लावला, आणि मागं सरकले तर आंब्याच्या शेजारी, पांढऱ्या जागेवर माझी चार बोटं उमटलेली. तुम्ही माझे हात पाहिले आणि म्हणालात, "हात धुवून येता येत नाही का? ही शाळा आहे, गोठा नाही."

वर्ग हसला. हसणारच, मीही दुसऱ्या कोणाला हसलेच असते. मी हात पाठीमागं घेतले. मग एकेकाला विचारत विचारत तुम्ही माझ्यापर्यंत आलात, तुला कुठं सापडला? माझ्याकडं अख्ख्या वर्गात सगळ्यात मोठा हर्ट होता. मी त्याच्यासाठी शनिवारपासून वाक्य जुळवत होते. पण मी मान खाली घातली आणि पाठीमागं बोटं बोटांत घट्ट गुंफली. तुम्ही पुढच्या मुलीकडं गेलात. दुसऱ्या दिवशी पोट दुखतं म्हणून मी घरीच राहिले. आईनं ओवा दिला, तोही मी मुकाट्यानं खाल्ला.

त्याच संध्याकाळी खांदशेकणी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, वर्षभराच्या जूखालचे खांदे. बैल नाल्यावर धुऊन आणले होते, बाबा पळसाची पानं घेऊन बसले होते, चुलीवर तूप-हळदीची वाटी होती, आणि दारात तुम्ही. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीनं तुम्हाला सांगितलं होतं म्हणे की ते पिवळे हात कशाचे आहेत. घरी जायची नेरची गाडी सोडून तुम्ही चिखल तुडवत आमच्याकडं आला होता. आईची एकच धांदल उडाली. घरातल्या एकुलत्या खुर्चीवरचं धान्याचं पोतं तिनं घाईघाईत खाली ओढलं, कपबशी शोधली, पण तुम्ही खुर्चीवर बसलाच नाहीत. सरळ गोठ्यात आलात. बाबा म्हणाले, तिकडंच थांबा बाई, इथं शेणामुताचं हाय, साडी खराब होईन. तुम्ही पदर खोचला आणि मला म्हणालात, दाखव कसं करतेस.

मी पळसाचं पान वाटीत बुडवलं आणि तुमच्या हातात दिलं. तुमच्या हातावर माझा हात ठेवला, कारण नुसता तुमचा हात त्यानं लावू दिला नसता. बैलानं मान वळवून तुम्हाला हुंगलं, कातडी थरथरवली, आणि मग उभा राहिला शांत. तूप तुमच्या मनगटापर्यंत ओघळलं. तुम्ही बाबांना विचारलं की याला दुखतं आहे हे तुम्हाला कळतं कसं. बाबा बोलणारा माणूस नव्हता, तरी त्या दिवशी बोलले.

"तो का बोलून सांगते, बाई? आपणच हात लावून पाहा लागते. जिथं कातडी थरारते, तिथं लागलं."

तुम्ही त्या सोललेल्या जागेकडं बोट करून बाबांना सांगितलं, याला इंग्रजीत हर्ट म्हणतात. बाबांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला, हर्ट, हर्ट, आणि त्यांना तो आवडला. मग तुम्ही माझ्याकडं वळलात. आई कपबशी घेऊन गोठ्याच्या तोंडाशी उभी होती, बाबा समोर, दोन्ही बैल समोर, आणि तुम्ही सगळ्यांच्या देखत विचारलंत, "काल मी तुला हर्ट केलं का?"

मी माझ्या खांद्याला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "नाही बाई. माह्या खांद्याले काही नाही झालं."

बाबा इतके मोठ्यानं हसलेले मी आधी कधी ऐकले नव्हते. आईच्या बशीतला चहा सांडला. तुम्हीही हसलात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि हात पिवळे म्हणून ते दंडानं पुसत राहिलात. मग बाबांनी बैलांच्या कानाशी जाऊन दरवर्षीसारखं, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या, असं म्हटलं, आणि तुमच्याकडं वळून तेच आवतण तुम्हालाही दिलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुरणपोळी खायला खरोखर आलात की.

पुढची गंमत तुम्हाला माहीत नसेल, कारण दोन वर्षांनी तुमची बदली झाली. बाबांनी तो शब्द गावात नेला. पारावर, गिरणीवर, बाजारात, जिथं जातील तिथं. जूनं सोललेल्या खांद्याला आमच्या गावात हर्ट म्हणायला लागले, आणि दुसऱ्या कशालाही नाही. अंगठा फुटला तर लागलं, पोरगं झाडावरून पडलं तर लागलं, पण बैलाला हर्ट आला. एकदा ढोरांचा नवा डॉक्टर आला होता, शहरात शिकलेला. आमच्या काकांनी त्याला सांगितलं, डॉक्टरसाहेब, उजव्या बैलाले हर्ट हाय. त्यानं टेस्टेस्कोप काढला आणि बराच वेळ बैलाची छाती ऐकत बसला. आता बाबा नाहीत, भावानं ट्रॅक्टर घेतला आहे, पण डवऱ्यासाठी एक जोडी ठेवली आहे आणि ढोरांच्या औषधाच्या दुकानात तो अजून हर्टचा मलम मागतो. आणि माझं खांद्याचं उत्तर घरातली गोष्टच होऊन बसलं. लग्नाच्या पंगतीत, बारशात, कुठंही कोणी ते काढतं आणि सगळे हसतात. माझी मुलगी ते ऐकतच मोठी झाली.

मुलगी एकच, बाई. शिकली, पुण्यात नोकरी करते, आणि तिथलाच एक मुलगा तिनं पसंत केला, मूळचा नागपूरचा. चांगला आहे. हसरा आहे, आणि तिला वरचढ होऊ देतो. दिवाळीनंतर त्याच्या घरचे आमचं घर पाहायला येणार होते. त्या दिवशी मेस बंद ठेवता आली असती, पण मुलींच्या परीक्षा चालू होत्या, उपाशी कशा ठेवायच्या. मी सकाळचा स्वयंपाक उरकला, साडी बदलली, आणि पोहे घेऊन बाहेर आले. बश्या पुढं करताना मुलीचं माझ्या हातांकडं लक्ष गेलं. इतक्या जणींचं वरण-भाजी रोज करायची म्हटल्यावर बोटं आणि नखं पिवळी असणारच. ती हसत म्हणाली, "अगं आई, हात तरी धुवून यायचं ना." आणि पाहुण्यांना सांगितलं की आमच्या आईचे हात कायम मेसचेच असतात.

हात मी धुतले होते. पाहुणे भले होते, त्यांच्या लक्षातही आलं नाही. मुलाची आई पोह्यांत हिरवा, बारीक चिरलेला सांभार भरपूर आहे म्हणून खूश झाली, आमचे हे मुलाच्या वडिलांना कापसाच्या भावाबद्दल सांगत बसले, सगळं छान पार पडलं आणि लग्न ठरलं. मी मात्र दुसऱ्या वेळी चहा आणला तेव्हा हात पदराखाली होते आणि ट्रे त्या पदरावरच धरला होता. रात्री मुलगी गाडीत बसली, खिडकीतून हात हलवला, आणि घरी येऊन मी लिंबाची सालं बोटांवर घासत बसले.

मग रोजच घासायला लागले. लिंबू, सोडा, भांड्यांची पावडर. बोटं पिवळी ती पिवळीच, वर चिरा पडल्या. दुकानातून प्लॅस्टिकचे हातमोजे आणले, त्यात कणीक मळता येईना. शेवटी माझ्या नकळत माझा हात हळदीच्या डब्यावर आखडायला लागला. मुलीचा फोन यायचा, ती लग्नाचं काय काय सांगायची, मी हो हो म्हणायची. काय झालं आई, अशी काय बोलतेस, असं तिनं एकदा विचारलंसुद्धा. मी म्हटलं, काही नाही, दमले. लग्न जवळ आलं होतं आणि माझं पोरीशी बोलणं मात्र दिवसेंदिवस वरवरचं होत चाललं होतं. ती अशीच सासरी गेली तर हे असंच राहील, ही भीती मला स्वयंपाक करताना, भाजी घेताना, कुठंही गाठायची. आणि एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस, असं स्वतःला रागवायचेही मीच.

हे पहिल्यांदा ओळखलं ते पोरींनी, आणि तेही वरणावरून. वरण पांढरं पडलं होतं. बाकावर त्याला आजाऱ्याचं वरण म्हणायला लागल्या. फुलसावंगीकडची एक मुलगी आहे, तांड्यावरची, घरी आईला याडी म्हणते आणि मला काकू. सुटीच्या दिवशी ती माझ्याजवळ बसून भाजी निवडते. एका रविवारी तिनं सरळ डबा उघडून दाखवला. काकू, हळद हाय तं टाकून काहून नाही राह्यल्या? मी म्हटलं, महाग झाली. ती म्हणाली, आमच्या घरचीच आणून देतो मंग, वावरात ओली हळद निघून राह्यली. आणि मग माझ्या चिरलेल्या बोटांकडं बघत हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही हर्ट हाय का?"

मी म्हटलं, मी का बैल हाय? आणि तिला सगळी गोष्ट सांगितली, खांद्यापर्यंत. ती पोट धरून हसली. मग मी तिला विचारलं की तुम्ही पोरी उठता-बसता हा शब्द का वापरता, आपल्याकडं शब्द नाहीत का. तिनं मेथीची जुडी खाली ठेवली आणि जरा विचार केला.

"घरी मले लागलं म्हटलं का घरचे म्हणते, कुठं लागलं, दाखव. आता हे का दाखवता येते, काकू? म्हणून हर्ट म्हणतो. मंग कोणी दाखव म्हणत नाही."

मी मेथी निवडत राहिले, पण मला तिचं पटलं नाही. आमच्या गोठ्यात हा शब्द आला तो दाखवूनच आला होता. बोट ठेवून, हात लावून, तूप ओघळून. कोणी दाखव म्हणणार नसेल तर तो शब्द म्हणण्यात काय अर्थ? हे मी त्या पोरीला बोलून दाखवलं नाही. उगाच म्हातारीसारखं वाटलं असतं. पण त्या दिवशी वरणात हळद बरोबर पडली.

पुढच्या आठवड्यात मुलगी बस्ता करायला आली. आम्ही दोघीच बाजारात गेलो. दुकानातल्या माणसानं गादीवर साड्यांचा ढीग घातला आणि मुलीला एक मोतिया रंगाची रेशमी साडी आवडली. ती म्हणाली, आई, हात लावून बघ, पोत कसं आहे. मी हात मांडीवरच ठेवले. म्हटलं, नको, डाग पडतील. तिनं विचारलं, कसले डाग? आणि बाई, तिच्या तोंडाकडं पाहिलं तर तिला खरंच काही आठवत नव्हतं. मी दोन महिने जे उराशी धरून बसले होते, ते तिच्या गावीही नव्हतं. मला एकदम रडू यायच्या बेतात आलं आणि तितकंच हसूही. आणि मग तोंडातून निघून गेलं, त्या दुकानदारासमोरच.

"त्या दिवशी पाहुण्यांसमोर तू माह्या हातावरून बोलली. मले हर्ट झालं."

पुण्यात राहून ती माझ्याशी पुण्याचं बोलते आणि मीही तिच्याशी नीट बोलायला जाते, पण त्या वेळी गावचंच आलं. हर्ट ऐकताच तिच्या ओठांचा कोपरा हलला. तिला खांदा आठवला होता, हे मला दिसलं. आता ही हसणार आणि मीही हसणार, आणि हे इथंच संपणार, असं मला वाटलं. पण ती हसली नाही. "मला आठवत नाही गं, आई," ती म्हणाली, "सांग, काय म्हणाले मी?" मी शब्द न् शब्द सांगितला. दुकानातला माणूस घडी घालता घालता थांबला होता, तो शहाणा निघाला, पाणी आणायच्या निमित्तानं आत गेला. मुलीनं माझा हात मांडीवरून उचलून आपल्या हातात घेतला, उलटा केला, बोटं पाहिली. लिंबानं चिरलेल्या जागेवर तिचा अंगठा फिरला तसा मी हात जरा मागं घेतला.

"इथं?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. चुकलं माझं, एवढंच ती म्हणाली, आणि माझा हात त्या मोतिया साडीवर नेऊन ठेवला. डाग बिग काही पडला नाही. वाळलेली हळद कुठली लागते. तीच साडी घेतली, आणि रडून डोळे सुजलेले असूनही आम्ही दोघींनी भावात चांगली घासाघीस केली.

ती दुसऱ्या दिवशीही राहिली. फुलसावंगीच्या पोरीनं पिशवीभर ओली हळद आणली होती, तिचं लोणचं घालायचं म्हणून आम्ही तिघी सोलत बसलो. ओल्या हळदीचा रंग तुम्हाला माहीत आहे, त्याच्यापुढं तूप-हळद काहीच नाही. मी माझ्या मुलीला म्हटलं, तेल लावून बस, हात खराब होतील. ती म्हणाली, राहू दे. दोघी पोरी बोलत होत्या, हर्ट शब्द दोनदा येऊन गेला, मी मध्ये पडले नाही. त्या रात्रीच्या गाडीनं मुलगी गेली. दोन दिवसांनी फोन आला, कुरकुर करत. "आई, हे निघतच नाही गं. आज मीटिंगला अशीच बसले. एकीनं विचारलं, म्हटलं आईकडं लोणचं घातलं." आणि लगेच पुढं, लोणचं मुरायला किती दिवस लागतील, तिच्या होणाऱ्या सासूला एक बरणी पाठवता येईल का, आणि नवरदेवाच्या काकूनं साडीच्या रंगावरून काय म्हटलं. बराच वेळ बोललो. फोन ठेवला तेव्हा वरण उतू गेलं होतं.

आणि मग मला तुम्ही आठवलात. म्हणजे तुमची ती गोष्ट, जी मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. खांद्याची सगळ्यांना सांगितली, ही माझ्यापुरती ठेवली. पोळ्याची सुटी संपून शाळा भरली. तुम्ही वर्गात आलात, हजेरी घेतली, खडू उचलला आणि फळ्यावर लिहायला हात वर केला. तो हात पिवळा होता. मनगटापर्यंत. पुढच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. तुम्ही वळलात, खडू ठेवलात आणि दोन्ही तळवे वर्गाला दाखवलेत, सगळ्यांना दिसेपर्यंत. मग मला तक्त्याजवळ बोलावून म्हणालात, हा जरा तिरका झाला आहे, सरळ कर. मी पाठीमागचे हात पुढं काढले, आणि आंब्याशेजारच्या माझ्या चार बोटांजवळच हात ठेवून तक्ता सरळ केला. तो तक्ता त्या डागांसकट तुमची बदली होईपर्यंत तिथंच होता. माझ्या मुलीला यातलं काही माहीत नाही. ती तिच्या मीटिंगला आपल्याच मनानं बसली.

तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा कळलं, भाजीबाजारात, गावच्या एका बाईकडून, दोन किलो पालक घेता घेता. तुम्हाला कधी भेटायला आले नाही, पत्रही टाकलं नाही. आता टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी या पत्रातल्या शुद्धलेखनाला तुम्ही लाल शाई लावली असती, म्हणून मी पाठवलं नसतं. हे घडी करून मसाल्याच्या डब्याखाली ठेवून देईन. तिथं हळद सांडतेच.

एक राहिलं. गोठ्यात तुम्ही विचारलंत तेव्हा मला कळलं होतं, बाई, तुम्ही काय विचारता आहात ते. सगळे बघत होते, आई कपबशी घेऊन उभी होती, आणि एवढी मोठी बाई माझ्यासमोर अशी उभी राहिलेली मला बघवेना, म्हणून मी मुद्दाम खांद्याला हात लावला. लागलं होतं.